उभी शिवण

इंदापुरात कुणाच्या चुलीवर काय शिजतंय हे शेजारणींना ठाऊक असेल, पण कुणाच्या पोलक्याखाली काय झाकलंय हे ठाऊक असणारी बाई एकच होती, ती म्हणजे जयवंता. बाजारामागच्या आळीत तिच्या घराची पुढची खोली हेच दुकान. खिडकीशी पायमशीन, भिंतीला कापडाच्या पिशव्या आणि कोपऱ्यात जुन्या साडीचा पडदा. माप द्यायला बाई पडद्याआड गेली की जयवंताच्या टेपपुढं सगळं उघडं व्हायचं. कुणी स्टोव्हनं भाजलेली, कुणाच्या पोटावर ऑपरेशनचा वण, कुणाच्या पाठीवर पट्ट्याचे वळ. जयवंता तोंडातल्या तोंडात आकडे म्हणायची आणि बाकीचं गिळून टाकायची. भाजलेलीचं पोलकं न सांगता दोन बोटं लांब व्हायचं, वळ असलेलीचा गळा पाठीमागून बंद यायचा. पंधरा-सोळा वर्षांत एकीची गोष्ट दुसरीच्या कानावर गेली नाही. म्हणून तर बाया तिच्याकडं यायच्या, नाहीतर इंदापुरात शिंप्यांना काय तोटा होता?

एका बाबतीत मात्र तिची जीभ सुटायची. दुसरीकडं शिवलेलं, मोठमोठे टाके घातलेलं पोलकं कुणी दुरुस्तीला आणलं, की ती ते उलटं करून बघायची आणि भडकायची.

"ही गोनी कुनी शिवली? माणसाच्या अंगाला लावायचं हाय का पेंड भरायची हाय?"

ऐकणारी हसायची. बाई कसबी आहे, तिला कच्चं काम खपत नाही, एवढंच तिला वाटायचं. खरं कारण घरातल्या दोघींनाच माहीत होतं, जयवंताला आणि तिच्या सासूला, द्वारकाबाईला.

जयवंताचा नवरा सर्जेराव ट्रॅक्टरवर होता. एक्क्याऐंशी साली उसाची ट्रॉली कॅनॉलच्या वळणावर उलटली आणि तो खाली सापडला. दुसऱ्या दिवशी दुपारी सरकारी दवाखान्यातून पोस्टमॉर्टेम करून त्याला पांढऱ्या कापडात गुंडाळून आणलं. अंघोळ मीच घालणार म्हणून द्वारकाबाई हटून बसली. बाया नको नको म्हणत असताना तिनं कापड वर केलं. गळ्याखालून ओटीपोटापर्यंत एक उभा छेद, आणि तो जाड दोऱ्यानं, बोट बोट लांब टाक्यांनी कसाबसा आवळलेला. जयवंता शेजारी पाण्याचा तांब्या धरून उभी होती. द्वारकाबाई रडली नाही. एवढंच म्हणाली, "आसं शिवत्यात व्हय? माझा सर्जा काय गोनी हाय का?"

पुढं त्या दोघींनी हा विषय कधी काढला नाही. पाच वर्षांची रेश्मा, तरणी सून आणि पन्नाशीची सासू, एवढंच घर उरलं. जयवंता माहेरची सुप्याकडची, मेंढपाळाच्या घरातली. तिच्या भावानं, भीमानं, दोन बकरी विकून बहिणीला मशीन घेऊन दिलं आणि ती बसली ती बसलीच. टाका इतका बारीक घालायची, की उसवताना तिला स्वतःलाच चष्मा लावावा लागायचा.

बसून काम म्हटलं की अंग सुटतंच. त्यात प्रत्येक गिऱ्हाइकाबरोबर अर्धा कप गोड चहा, दुपारी गूळ-शेंगदाणे, आणि संध्याकाळी द्वारकाबाई प्रेमानं वाढेल तेवढी भाकरी. चौऱ्याण्णव साली रेश्माचं लग्न करून तिला मोरगावला दिलं, त्या धावपळीत जयवंता चक्कर येऊन पडली. आडत्याच्या काट्यावर वजन केलं तर ज्वारीचं एक पोतं आणि वर आठ किलो. रक्तात साखर. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि रोज चालायला सांगितलं.

सांगायला काय जातं! ती पहाटे रस्त्यानं निघाली की टपरीवरची टारगट पोरं ओरडायची, "बाजूला व्हा रे, रोड रोलर आला!" चार दिवसांत तिनं कानाला खडा लावला. तेव्हा तोडगा काढला तो सासूनं.

"भीमाच्या मेंढरांमागं जा," द्वारकाबाई म्हणाली. "दिवाळी झाली की मेंढरं, घोडी, बिऱ्हाड घिऊन त्येंचा वाडा कोकणाकडं निघतोय. चाल त्यांच्या संगं. मानसं हासत्यात, मेंढरं काय हासत न्हाईत."

"आन् दुकान?"

"दुकानाला कुलूप लावायला मी हाय की. तू ऱ्हायलीस तर दुकान."

आणि खरंच ती गेली. मेंढरांमागं, घोड्यामागं, घाट उतरून कोकणात आणि पुन्हा वर. पहिला महिना भीमाच्या बायकोला वाटलं, ही बाई वाटेतच राहते. पायाला फोड, मांड्यांची सालटी निघालेली, पण जयवंता मागं फिरली नाही. बाजरीची भाकरी, बिनसाखरेचा चहा, आणि तळावर बसली की वाड्यातल्या सगळ्यांची फाटकी धोतरं, लुगडी शिवायची. एका हंगामात अंग चांगलंच उतरलं. दुसऱ्या वर्षी ती आपण होऊन गेली. शहाण्णवच्या पावसाळ्याच्या तोंडावर परत आली तेव्हा काटा एकसष्टवर थांबला.

आळीनं काय करावं? कौतुक करावं की नाही? तर कुजबुज सुरू झाली. हमरस्त्यावरचं गाव, ट्रकवाल्यांची वर्दळ, त्या नव्या रोगाची पोस्टरं एसटी स्टँडवर लागलेली. बाई वाळली म्हणजे तेच असणार. चार-सहा गिऱ्हाइकं तुटलीसुद्धा. द्वारकाबाई दारात उभी राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायची, "साखर हुती, चालून चालून घालवली! तुमास्नी जमंल का?" वर्षभरानं तोंडं बंद झाली.

पण जयवंताची सुटका झाली नव्हती. आगीतून उठून ती फुफाट्यात पडली होती.

आतलं माणूस लहान झालं, वरचं कातडं होतं तेवढंच राहिलं. उभी राहिली की पोटाचं कातडं पदरासारखं मांड्यांवर लोंबायचं. मशीनवर बसली की ते मांडीवर गोळा व्हायचं आणि पाय हलवला की घासायचं. त्या घडीत घाम साचायचा, पुरळ उठायचं, चिघळायचं. साखरेचं अंग, जखम लवकर भरायची नाही. पावडर झाली, हळद झाली, खोबरेल झालं. शेवटी तिनं मांजरपाटाचा एक झोळा शिवला, त्याचे बंद खांद्यावरून घेतले आणि स्वतःचं पोट त्यात उचलून धरलं. झोळ्यात पोट घालून दुसऱ्यांचे ब्लाऊज शिवणारी बाई! आपली आपल्यालाच ती कधी हसायची, कधी मशीनवर डोकं टेकून बसायची.

सत्त्याण्णवच्या उन्हाळ्यात घडीतली जखम पिकली. आठ दिवस ताप. इंदापूरच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, "पुन्हा असं झालं तर जिवावर बेतेल. मशीन बंद करा, नाहीतर या कातड्याचं काहीतरी करा." मशीन बंद करायचं म्हणजे चूल बंद करायची.

वाट दाखवली कौसल्यानं. ही तिची जुनी गिऱ्हाईक, स्टोव्हच्या भडक्यात जिची हनुवटी छातीला चिकटली होती. आता ती मान वर करून बोलत होती. "पुण्याचं डॉक्टर बारामतीला येत्यात, म्हैन्याच्या पयल्या शनवारी. जळाल्यालं, आखडल्यालं समदं सरळ करत्यात. जयवंताबाई, तुमी आमची पोटं झाकली, आता स्वोताचं बघा की."

नोव्हेंबरच्या पहिल्या शनिवारी जयवंता एसटीनं बारामतीला गेली. खाजगी दवाखाना, बाहेर बाकावर गर्दी. पुण्याचे डॉक्टर किरकोळ बांध्याचे, हळू बोलणारे. झोळ्याचे बंद सोडताना ती शरमेनं मान खाली घालून उभी होती. डॉक्टरांनी मात्र आधी झोळाच हातात घेऊन उलटसुलट करून बघितला.

"हा कुणी शिवला?"

"मीच."

"उत्तम आहे," ते म्हणाले, आणि त्या एका शब्दानं तिची मान वर आली.

मग त्यांनी निळं पेन घेतलं आणि तिच्या पोटावर रेघा ओढत समजावलं. तीन रस्ते होते. पहिला, नुसता लोंबणारा भाग कापायचा, बेंबीला हात लावायचा नाही. लवकर भरतं, पण वरचं सैल तसंच राहतं. दुसरा, एका कमरेच्या हाडापासून दुसऱ्या हाडापर्यंत खाली आडवा छेद. वरचं कातडं खाली ओढून घ्यायचं, बेंबी सोडवून नव्या जागी बसवायची. वण परकराच्या नाडीखाली जातो, कुणाला दिसत नाही. आणि तिसरा, आडव्याच्या जोडीला छातीच्या खालून मधोमध सरळ उभा छेद.

"तुम्ही इतक्या उतरलात, की कातडं खाली पण सैल आहे आणि घेरात पण. घेरातलं काढायचं तर उभा घ्यावा लागतो. पण तो वण साडीत दिसेल. आणि आडवा-उभा जिथं मिळतात, त्या कोपऱ्यात रक्त कमी पोचतं. साखर असलेल्या माणसाची जखम तिथं उघडू शकते. माझं मत विचाराल तर दुसरा. घाई नाही. पुढच्या महिन्यात सांगा."

आपल्या अंगाबद्दल असं सरळ बोलणारा पुरुष तिनं पहिल्यांदाच बघितला होता. एसटीत ती पदर घट्ट लपेटून बसली. पदराखाली तिन्ही रस्ते निळ्या शाईत तिच्याबरोबर इंदापूरला आले.

ते पुसून टाकायचं भान तिला राहिलं नाही, तिथंच ती चुकली. घडीतल्या जखमेपासून द्वारकाबाई तिला अंघोळीला मदत करायची. दुसऱ्या दिवशी सकाळी मोरीत तिनं सुनेच्या पोटावर पाणी ओतलं, आणि तांब्या तसाच हातात राहिला. छातीच्या खालून ओटीपोटापर्यंत निळी, सरळ, उभी रेघ.

"ही रेग कसली?"

जयवंतानं सांगितलं. आडवं काय, उभं काय, कुठं काय भरतं, सगळं. द्वारकाबाईनं ऐकलं की नाही कोण जाणे. तिनं साबण घेतला आणि ती रेघ घासायला लागली. आडव्या रेघांना तिनं हात लावला नाही, फक्त उभी घासली. कातडं लाल झालं तरी थांबेना.

"आत्याबाई, पुरं. आग हुतीय."

तेव्हा सासू थांबली. "आडवं काय कापायचं त्ये काप. उभं न्हाय. उभं मड्याला कापत्यात. म्या एकदा बघितलंय, जयवंते. दुसऱ्यांदा बघनार न्हाय."

सोळा वर्षांत पहिल्यांदा ती गोष्ट कुणीतरी तोंडानं काढली होती. जयवंताच्या डोळ्यांपुढंही तेच होतं, डॉक्टर "उभा छेद" म्हणाले तेव्हापासून. झालं, दुसरा रस्ता. डॉक्टरांचंही मत तेच, सासूचंही तेच, आणि तिला स्वतःलाही त्या उभ्या छेदाची भीती वाटत होती. तिघांचं एकमत झाल्यावर भांडायला उरलंच कोण?

तिचे हात उरले. पंधरा वर्षं कापड कापलेले हात, ते काही ऐकेनात.

एका दुपारी दुकानाला कडी लावून ती पडद्याआड गेली. आरशापुढं उभी राहून स्वतःच्या पोटाची मापं घेतली, गिऱ्हाइकाची घ्यावी तशी. छातीखाली किती, बेंबीवर किती, सैल किती, उंची किती. मग मांजरपाट पसरून खडूनं आखलं, कापलं, टीप मारली, आणि स्वतःच्या पोटाची कापडी खोळ तयार केली. ती लोडाला चढवली. लोड म्हणजे नवी जयवंता, खोळ म्हणजे जुनं कातडं. खालून आडवं कापून वरचं खाली ओढलं आणि टाचण्या लावल्या.

पुढून बरं दिसलं. पण बाजूंना झोळ तसाच, आणि आडव्या शिवणीच्या दोन्ही टोकांना कापडाच्या चोची वर आल्या. पुन्हा ओढलं, पुन्हा टाचलं. झोळ हलेना. कोणतीही शिकाऊ पोरगी सांगेल, घेर सैल असला तर खालची किनार कापून काय उपयोग? मधे शिवण घ्यावी लागते. तिनं ती खोळ टाचण्यांसकट बाजूला ठेवली, तशीच दुसरी शिवून लोडाला चढवली, खालून आडवं आणि मधोमध उभं कापलं, दोन्हीकडचं जास्तीचं काढलं आणि टाचलं. खोळ लोडाला अशी बसली, की एक चुणी नाही. जयवंता तिच्याकडं बघत राहिली. तिला आनंद झाला नाही. आपल्याला खरं काय ते कळलं आहे आणि आता ते न कळल्यासारखं करता येणार नाही, याचं तिला रडू आलं.

डिसेंबरच्या पहिल्या शनिवारी ती दोन्ही खोळी पिशवीत घालून बारामतीला गेली.

डॉक्टरांच्या टेबलावर तिनं त्या मांडल्या. डॉक्टरांनी चष्मा वर केला. बाजूच्या झोळावर बोट ठेवलं, चोची चिमटीत धरून बघितल्या, आणि बाहेरच्या गर्दीला विसरून पाच मिनिटं दोन्ही शेजारी शेजारी धरून बघत राहिले.

"आडव्यानं माझी बाजूची घडी ऱ्हातीय," जयवंता म्हणाली. "घडी ऱ्हायली की घाम, घाम आला की फोड. मंग एवढं कापून घेऊन मी पुन्ना झोळाच बांधायचा? उभाच घ्या, डॉक्टर."

"तुमचं बरोबर आहे," डॉक्टर म्हणाले. "मी दिसण्याचा विचार केला, तुम्ही वापरण्याचा केलात. पण तुम्ही एक गोष्ट धरली नाहीत." त्यांनी दुसरी खोळ हातात घेतली. "इथं तुम्ही अगदी अंगालगत कापलंय. एक सूतसुद्धा जास्त ठेवलं नाही."

"फिटिंग म्हनल्यावर..."

"कापडाला रक्त लागत नाही. तुम्ही ताणून शिवलंत, बिघडलं काय? कातडं ताणून शिवलं तर मरतं. हा कोपरा काळा पडेल आणि उघडेल. मी उभा घेईन, पण इतकं काढणार नाही. थोडं सैल राहील. चालेल?"

जयवंताला हसू आलं. आयुष्यभर नव्या पोरींना ती हेच ओरडून सांगत होती, आत माया सोडा, शिवणीत कापड जास्तीचं राहू द्या, अगदी काठाला कापू नका. आणि स्वतःच्या पोटाच्या बाबतीत मात्र कात्री काठाला लावून मोकळी!

"चालंल," ती म्हणाली. "आन् एक इनंती हाय. टाका बारीक घाला."

"बारीकच घालतो. का?"

"आसंच," जयवंता म्हणाली, आणि खोळी गोळा करायला लागली.

घरी येऊन ती खोटं बोलली. सोळा वर्षं सगळ्या इंदापूरची गुपितं पोटात ठेवणाऱ्या बाईला स्वतःचं एक ठेवणं काय जड? "आडवाच हाय, आत्याबाई. नाडीच्या खाली. दिसायचा पन न्हाय." द्वारकाबाईनं देवापुढं साखर ठेवली. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं जयवंतानं मनाशी म्हटलं. मलमपट्टीला रेश्मा मोरगावहून येणार होती, सासूनं पोट बघायचं कारणच नव्हतं. वण भरला की लांब ब्लाऊज घालायचा, स्वतःला शिवायला तिला कुणाची परवानगी लागत होती?

जानेवारीत, थंडीत ऑपरेशन झालं. खाटेच्या पायगतीला भीमा फेटा मांडीवर घेऊन बसला होता. कापलेलं कातडं किती निघालं हे त्यानं नर्सला विचारून घेतलं आणि पुढं वर्षभर वाड्यावर सांगत राहिला, "पाच किलू! येक कोकरू निघालं कोकरू!" दहाव्या दिवशी जयवंता पोटावर रुंद पट्टा आवळून घरी आली. कमरेत वाकून चालत होती, पण झोळ्याशिवाय चालत होती. टाके अजून काढायचे होते. द्वारकाबाईनं भाकरतुकडा ओवाळून टाकला. पट्ट्याखाली काय आहे ते तिनं विचारलं नाही, जयवंतानं सांगितलं नाही.

आणि डॉक्टरांनी भीती घातली होती तेच झालं. आडवा आणि उभा जिथं मिळतात तो कोपरा दोन बोटं उघडला. घाबरायचं कारण नव्हतं. दिवसातून दोनदा धुवायचं, औषधाची पट्टी आत बसवायची, महिन्यात आपोआप भरेल. रेश्मा ते नीट करत होती. दार लोटून घ्यायची आणि द्वारकाबाईला बाहेर तांदूळ निवडायला बसवायची.

पाचव्या दिवशी मोरगावहून निरोप आला. रेश्माच्या लेकराला कांजिण्या निघाल्या. तिला जावंच लागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी जयवंता पलंगावर टेकून बसली, आरसा मांडीवर धरला आणि पट्ट्याचे बंद सोडले. सरळ व्हायला गेली की टाके ओढायचे, वाकली की जखम पोटाच्या आड जायची. चिमटा हातातून दोनदा पडला. तिसऱ्यांदा पडला तेव्हा दार उघडलं.

"दी हिकडं," द्वारकाबाई म्हणाली. तिनं हात धुतले होते, ते अजून ओले होते.

जयवंतानं घाईनं पदर ओढून घेतला. "नगं, आत्याबाई. मी करते. दवाखान्यातल्या बाईला बोलवू."

"का? मी काय परकी हाय?"

"तसं न्हाय." पदर तिनं दोन्ही हातांनी धरला होता, माप द्यायला आलेल्या, लाजणाऱ्या बाया धरतात तसा. "म्या खोटं बोलले. उभा पन घेतलाय. तुमी नगा बघू. तुमास्नी सोसायचं न्हाय."

द्वारकाबाई कोनाड्याकडं गेली. जयवंताला वाटलं, आता बाहेर जाईल आणि पुन्हा या खोलीत पाऊल टाकणार नाही. म्हातारीनं कोनाड्यातून सुनेचा चष्मा घेतला, उसवायला वापरायची तो. तो नाकावर चढवला, पलंगाच्या कडेला बसली आणि जयवंताची बोटं एकेक करून सोडवली.

पदर बाजूला झाला. द्वारकाबाईनं छातीच्या खालपासून बघायला सुरुवात केली. तिचा श्वास मोठ्यानं ऐकू येत होता. जयवंतानं डोळे मिटून घेतले.

मग तिला सासूचं बोट जाणवलं. गार, खरबरीत बोट, शिवणीच्या कडेकडेनं हळूहळू खाली सरकत होतं. मधेच थांबायचं, पुन्हा सरकायचं. जयवंतानं डोळे उघडले. म्हातारी ओठ हलवत टाके मोजत होती.

उघडलेल्या कोपऱ्याशी बोट थांबलं. तिथून पातळसं रक्त झिरपत होतं. द्वारकाबाईनं ते कापसानं टिपलं आणि कापूस उजेडात धरून बघितला.

"ह्यातनं रगत येतंय," ती म्हणाली.

"येनारच की. डॉक्टर म्हनलं, रगत येतंय म्हंजी भरतंय."

"त्याच्या आलं न्हवतं," द्वारकाबाई म्हणाली. "म्या पानी वतलं, किती वतलं. येक थेंब आला न्हाय."

आणि मग ती रडली. सर्जेराव गेला तेव्हा रडली नव्हती ती, चष्मा नाकावर तसाच ठेवून, हातातला चिमटा न सोडता रडली. जयवंतानं तिचं डोकं जवळ घ्यायला हात उचलला तर म्हातारी ओरडली, "हालू नगं! टाकं तानतील!"

डोळे पुसून तिनं जखम धुतली. औषधाची पट्टी कोपऱ्यात बसवली, रेश्मापेक्षा हलक्या हातानं. पट्टा आवळायच्या आधी पुन्हा एकदा वाकून तिनं शिवणीवर वरपासून खालपर्यंत नजर फिरवली.

"शिवलंय चांगलं," ती म्हणाली. "जित्या मानसाला शिवावं तसं."